प्री-अल्जिब्रात टाकलं म्हणजे मागे टाकलं का?

पत्र : नमस्कार मॅडम, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये सातवीत जाईल. शाळेने प्लेसमेंट टेस्ट घेतली आणि त्याला प्री-अल्जिब्रात टाकलं, त्याच्या दोन मित्रांना मात्र डायरेक्ट अल्जिब्रा वन मिळालंय. मंडळात गेलं की सगळ्या आयांचा हाच विषय. आम्ही दोघंही महाराष्ट्र बोर्डाचे, इंजिनिअर, पण प्री-अल्जिब्रा असं काही आम्ही कधी शिकलो नाही. नवरा म्हणतो वर्ष फुकट जाणार. मी रोज संध्याकाळी त्याला समीकरणं शिकवायला बसते तर तो म्हणतो, आमच्या टीचर असं करत नाहीत, आणि मग आमचं वाजतं. यात नक्की शिकवतात काय? शाळेशी भांडून अल्जिब्रा मागू का? – एक आई

उत्तर :

ताई, आधी बोटांवर मोजूया म्हणजे तुमचा अर्धा जीव खाली पडेल. सातवीत प्री-अल्जिब्रा, आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. म्हणजे हायस्कूल संपायच्या आत तो कॅल्क्युलसला पोचतोय. तिकडे नेहमीचा रस्ता म्हणजे नववीत अल्जिब्रा वन, त्यामुळे तुमचा मुलगा मागे सोडाच, एक वर्ष पुढेच आहे, फक्त त्याचे दोन मित्र दोन वर्षं पुढे निघालेत म्हणून तुम्हाला तो मागे वाटतोय. मित्रांचं कॅल्क्युलस अकरावीत होईल आणि बारावीत काय घ्यायचं हे शोधत बसावं लागेल, बस, फरक एवढाच.

आणि हे खूळ फक्त आपल्या मंडळात आहे असं समजू नका हां. आठवीत अल्जिब्रा असावं की नाही यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा काढून टाकलं तर पालक इतके चिडले की शेवटी २०२४ मध्ये तो विषय मतपत्रिकेवर आला आणि लोकांनी मोठ्या बहुमताने सांगितलं की परत आणा. सातवी-आठवीच्या गणितावर मतदान! असो.

आता यात शिकवतात काय ते. तुम्ही म्हणता आम्ही प्री-अल्जिब्रा शिकलो नाही, तर शिकलात, फक्त कुणी त्याला वेगळं नाव दिलं नव्हतं. सहावीत पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, सोपी समीकरणं, सातवीत बैजिक राशी, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, आठवीत एकचल समीकरणं, हे सगळं मिळून जे होतं तेच. आपल्याकडे ते तीन वर्षांत थोडं थोडं पाजलं जातं म्हणून कडू लागत नाही. तिकडे बहुतेक राज्यांचा अभ्यासक्रम २०१० च्या कॉमन कोअरवर, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याच्या सामाईक यादीवर, बेतलेला आहे, न्यू जर्सीने नाव बदललं तरी गाभा तोच, आणि गंमत म्हणजे त्यात प्री-अल्जिब्रा हे नावच नाही. सहावीचं गणित, सातवीचं गणित, आठवीचं गणित एवढंच आहे. मग बऱ्याच शाळा काय करतात, हुशार मुलांसाठी सातवीचं उरलेलं आणि आठवीचं असं एकत्र करून एका वर्षात बसवतात आणि त्या वर्गावर प्री-अल्जिब्रा अशी पाटी लावतात. तुमच्या शाळेत तसंच आहे का ते विचारून घ्या, कारण असेल तर तुमच्या नवऱ्याला सांगा की ते फुकट जाणारं वर्ष नाहीये, ते सगळ्यात गच्च भरलेलं वर्ष आहे. आणि जो मुलगा ते ओलांडून थेट अल्जिब्रा वनमध्ये जातो त्याच्या हातून आठवीचं गणित निसटतं, म्हणजे रेषेचा चढ, दोन समीकरणांची जोडी, घातांकांचे नियम, पायथागोरस, फलन म्हणजे काय, हे सगळं. काही मुलं ते आपलं आपण भरून काढतात. काहींचं भगदाड राहतं आणि ते अल्जिब्रा टूमध्ये दिसतं.

यादीच हवी असेल तर ऋण संख्या, अपूर्णांक-दशांश, टक्केवारी, दर, घातांक, वर्गमूळ, बैजिक राशी, एक-दोन पायऱ्यांची समीकरणं, असमानता, आलेखाचा कागद, थोडी भूमिती, थोडी संभाव्यता. पण यादी वाचून काही कळत नाही, कारण यातलं निम्मं त्याने पाचवी-सहावीत पाहिलंय आणि म्हणूनच सगळ्यांना वाटतं की तेच ते परत. खरं काम वेगळंच चालू असतं. पाचवीपर्यंत मुलाला सवय लागलेली असते की गणित म्हणजे काहीतरी करून एक आकडा काढायचा आणि खाली दोन रेघा मारायच्या. अल्जिब्रात आकडा हातात नसताना बोलावं लागतं. ही सवय मोडायला एक वर्ष लागतं, कधी दोन.

पुरावा हवा तर आज रात्री जेवताना एक प्रश्न टाका त्याच्यापुढे, कागदावर लिहून द्या: ८ + ४ = __ + ५. रिकाम्या जागी काय? हा प्रश्न गणिताच्या शिक्षकांमध्ये फार प्रसिद्ध आहे कारण भली भली सहावीची पोरं १२ लिहितात, काही सगळंच मिळवून १७ लिहितात. उत्तर ७. चूक बेरजेची नाही, बरोबरच्या चिन्हाची आहे, त्या पोरांसाठी ते चिन्ह म्हणजे कॅल्क्युलेटरचं बटण, दाबलं की उत्तर. दोन्हीकडे सारखंच आहे असं ते सांगतंय हे डोक्यातच नसतं. आणि मुलगा ७ म्हणाला तरी त्याची वही उघडून बघा, ८ + ४ = १२ × २ = २४ अशी आगगाडी कुठे लिहिलेली आहे का. असेल तर अजून कच्चं आहे. हे आपणही करायचो आणि सर मार्क कापायचे नाहीत, म्हणून कुणाला कळलंच नाही.

यावरूनच तुमच्या संध्याकाळच्या भांडणाकडे येते. तुम्ही त्याला काय शिकवत असाल ते मी इथे बसून सांगते. एक्सला मी क्ष लिहिते, सवय आहे. ३क्ष + ७ = २२, आता ७ पलीकडे न्यायचा, चिन्ह बदलतं, २२ वजा ७, १५. बरोबर ना? आपण सगळे असेच शिकलो, पक्षांतर, आणि आपलं काही बिघडलं नाही. आता तो पुढे काय करतो बघा. ३क्ष = १५, आई म्हणाली पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, म्हणून ३ पलीकडे नेला, वजा ३ झाला, क्ष = १२. तुम्ही ओरडता, अरे गुणाकार आहे ना, मग भागाकार होणार! तो म्हणतो तूच सांगितलंस. आणि त्याचं बरोबर आहे हो, नियम तुम्हीच दिलात, फक्त नियमाच्या पोटात काय होतं ते सांगितलं नाहीत. त्याच्या टीचर म्हणत असणार, दोन्हीकडून ७ वजा कर, मग दोन्हीकडे ३ ने भाग. लांबलचक वाटतं, दोन ओळी जास्त लागतात, पण त्यात ७ कुठे गेला हे दिसतं. भाजीवाल्याच्या तराजूसारखं, एका पारड्यातलं काढलं तर दुसऱ्यातलंही तेवढंच काढायचं नाहीतर दांडी कलंडते. काही महिने त्याला तसंच लिहू दे. हात बसला की पक्षांतर तो आपलं आपणच शोधून काढेल आणि मग ते त्याला कधीच चुकणार नाही. तुम्ही संध्याकाळी शिकवायचं असेल तर एकच करा, क्षची किंमत आली की ती मूळ समीकरणात घालून बघायला लावा. १२ घातले तर छत्तीस आणि सात त्रेचाळीस, बावीस नाही, संपलं. कोण बरोबर यावर भांडायची गरजच उरत नाही.

अपूर्णांक. इथे मी जरा कडक बोलणार आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गणित सल्लागार समितीचा अहवाल आला होता, त्यात अल्जिब्राच्या आधी काय पक्कं हवं याचा विचार करताना सगळ्यात दुबळी जागा म्हणून बोट ठेवलं ते अपूर्णांकांवर. आणि हे मी वर्गात रोज बघते. मुलगा दोन पायऱ्यांची समीकरणं सटासट सोडवतो आणि क्ष/३ + क्ष/४ = ७ दिसलं की पेन खाली. अल्जिब्रा येत नाही म्हणून नव्हे, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळवता येत नाही म्हणून. आत्तापर्यंत कॅल्क्युलेटरने दशांश करून भागलं, ०.३३ आणि ०.२५, पण क्षचा दशांश कसा करणार? इथे लसावि लागतो, आणि ज्याला तो आकड्यांवर येतो त्याला क्षवरही येतो, नाहीतर नाही. आपल्या आज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती, तेवढं कुणी करायला सांगत नाही, पण पाऊण कप पिठात पाव कपाची मापं किती हे त्याला विचार न करता सांगता यायला हवं, आणि तोच प्रश्न पाऊण भागिले पाव असा लिहिला तर तेव्हाही. उलटा करून गुण हे पाठ असतं, पण उत्तर तीन का आलं हे सांगता येत नाही. ते सांगता आलं पाहिजे. अजून एक विचारा, एका संख्येचे दोन तृतीयांश १८ आहेत तर ती संख्या किती? जो १२ म्हणेल त्याने उलट्या दिशेने गुणलं. जो २७ म्हणेल त्याने समीकरणच सोडवलं, त्याला माहीत नसलं तरी.

ऋण संख्यांचं थोडक्यात. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली कर्ज आणि मालमत्ता असं धरून यांचे नियम लिहून ठेवले, तेव्हापासून बेरीज-वजाबाकी कर्जाच्या गोष्टीने छान समजते, डेबिट कार्डवाल्या पोरांना तर फारच. अडतं ते वजा गुणिले वजा अधिक का इथे. त्याला पाठ करायला लावण्याआधी हे खाली खाली लिहायला सांगा: वजा २ गुणिले २, वजा २ गुणिले १, वजा २ गुणिले ०. उत्तरं वजा ४, वजा २, शून्य, प्रत्येक पायरीला दोनाने वाढतायत, मग वजा २ गुणिले वजा १ काय येईल? तो स्वतःच २ म्हणेल. आणि कंस. ५ − (क्ष − ३) यात आतल्या तीनचं काय होतं हे तपासा, कॉलेजातली मुलंसुद्धा इथे ३ वजाच ठेवतात.

आता जिथून अल्जिब्रा खरं सुरू होतं ती जागा, आणि ही जागा प्री-अल्जिब्राच्या बरोबर मधोमध येते. आपली एकमान पद्धत आठवते? ४ पौंड तूरडाळ ८ डॉलर, तर १ पौंड २ डॉलर, तर ७ पौंड १४. त्याला हे येतच असणार. आता टेबल करायला लावा, १ पौंडाला २, २ ला ४, ४ ला ८, आणि ते आलेखावर टाकायला लावा, सरळ रेघ, शून्यातून निघालेली. मग म्हणा की दुकानदार घरी आणून द्यायचे ५ डॉलर वेगळे घेतो. आता १ पौंडाला ७, २ ला ९, ४ ला १३. त्याला विचारा, डाळ दुप्पट घेतली तर पैसे दुप्पट होतात का? आधी होत होते. आता २ पौंडाचे ९ आणि ४ पौंडाचे १३, दुप्पट नाहीत. मग सारखं काय राहिलं? दर पौंडामागे २ च वाढतायत, रेघ तेवढीच तिरपी आहे, फक्त पाचवरून निघालीय. ते २ म्हणजे चढ आणि ते ५ म्हणजे सुरुवात, आणि अल्जिब्रा वनमध्ये पहिले काही महिने वाय बरोबर एमएक्स अधिक बी करतात ते हेच. ज्या मुलाने हा फरक डाळीवर पाहिलाय त्याला तिथे काही नवीन वाटत नाही, आणि ज्याने नुसता त्रैराशिकाचा तिरका गुणाकार घोकलाय तो १३ च्या ऐवजी १८ लिहून मोकळा होतो. यावर दोन आठवडे घालवले तरी मी म्हणेन कमी आहेत.

टक्केवारीचंही तसंच. तुमच्याकडे सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, खेळणं क्ष डॉलरचं, तर तो आधी टॅक्स काढेल मग मिळवेल, ठीकच आहे, पण तेच सगळं १.०६६२५ गुणिले क्ष आहे हे त्याला सुचतं का? सुचलं तर बिलावरून मूळ किंमत काढताना तो त्याच आकड्याने भागेल. नाही सुचलं तर बिलाचे ६.६२५ टक्के वजा करेल आणि चुकेल. (कपड्यांवर करू नका हा प्रयोग, न्यू जर्सीत कपड्यांना टॅक्स नाही, पोरगा लगेच पकडेल.)

आणि एक प्रश्न तुमच्या इंजिनिअर नवऱ्यासाठी राखून ठेवलाय. एका युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांची संख्या व, प्राध्यापकांची प, समीकरण लिहा. घाईत ६व = प लिहिलं जातं. प्राध्यापक दहा धरा, विद्यार्थी साठ, आता साठाला सहाने गुणून दहा कसे येतील? व = ६प हवं. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न विचारला होता तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली होती, म्हणजे कॅल्क्युलसपर्यंत पोचलेली मुलं. अक्षर म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या, एवढीशी गोष्ट, पण ती प्री-अल्जिब्रात मुरली नाही की पुढे शब्दांची गणितं आयुष्यभर डोकं खातात.

मग भांडायचं का? वर जे जे सांगितलं ते त्याला एका बैठकीत नको, आठवडाभर जाता येता विचारा, परीक्षेसारखं वाटलं तर तो बिथरेल. सगळं सहज आलं, आणि का आलं तेही सांगता आलं, तर शाळेला जरूर लिहा, कारण प्लेसमेंट टेस्ट एका सकाळची असते, पोराला ताप असू शकतो, झोप झालेली नसू शकते. पण अपूर्णांकांत किंवा त्या डाळीच्या टेबलात अडखळला तर त्याला आहे तिथेच राहू द्या, आणि कृपा करून उन्हाळ्याच्या सुट्टीत अल्जिब्राचा क्रॅश कोर्स लावू नका. त्या कोर्समध्ये त्याला पद्धती पाठ होतील, पुढच्या टेस्टमध्ये मार्कही मिळतील, तुम्हाला वाटेल झालं, आणि जे कच्चं आहे ते कच्चंच राहून वरच्या मजल्यावर जाईल. सुट्टीत रोज दहा-पंधरा मिनिटं अपूर्णांक पुरे, तेही तोंडी, गाडीत बसल्या बसल्या. मंडळात विचारलं कुणी तर सांगा आठवीत अल्जिब्रा घेतोय, खोटं नाहीये ते.

शाळेला ईमेल करणार असाल तर माझ्या मुलाला अल्जिब्रा का नाही असं विचारू नका, त्याला ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी दोनच गोष्टी मागा. टेस्टमध्ये कुठल्या भागात किती चुकलं त्याचा तपशील, आणि तुमच्या प्री-अल्जिब्रात आठवीचा पूर्ण अभ्यासक्रम होतो की अर्धा. पूर्ण होत असेल तर निर्धास्त राहा. अर्धाच होत असेल तर उरलेला कधी शिकवणार हे विचारा, आणि तेही उत्तर गुळमुळीत आलं तर मला परत लिहा, मग काय काय घरी करून घ्यायचं ते सांगते.